घटाची पोर

पाणदऱ्यात वाघजाईच्या घटाला पाणी घालायचा मान पोरीचा. पोर म्हणजे पोरच, जिची पाळी अजून सुरू झालेली नाही अशी. नवरात्राच्या पहिल्या दिवशी तिने घटाभोवतीच्या मातीत भात पेरायचं, नऊ दिवस रोज सकाळी तांब्याने पाणी घालायचं आणि दसऱ्याला उगवलेलं रुजवण आपल्या हाताच्या वितीने मोजायचं. वीतभर भरलं की वर्ष चांगलं जाणार. एकेक पोर दोन वर्षं, फार तर तीन वर्षं हा मान मिरवते, मग मोठी होते आणि तांब्या धाकटीच्या हातात जातो. गावातल्या निम्म्या बायका कधी ना कधी घटाची पोर होऊन गेल्या होत्या.

कल्पिता सात वर्षं घटाची पोर होती.

वयाच्या आठव्या वर्षी तिने तांब्या हातात घेतला तो सुटायचं नाव घेईना. आता ती पंधरा वर्षांची, दहावीत. उंची मात्र चौथीतल्या मुलीएवढी. तिचा अकरा वर्षांचा भाऊ ऋत्विक गेल्या वर्षीच्या शिमग्याला तिच्या कानाशी होता, या गणपतीत तिच्या डोक्यावरून बघायला लागला. एका पाहुण्याने त्याला विचारलं, "ही तुझी धाकटी बहीण का रे?" तर पठ्ठ्या हो म्हणाला. कल्पिताने त्याच दिवशी त्याची सायकल खाडीच्या चिखलात ढकलली, आणि ती बाहेर काढायला दोन माणसं लागली. पोरीची उंची थांबली होती, राग मात्र वयाप्रमाणे वाढला होता.

पहिली चार वर्षं कोणाला काही वाटलं नाही. पाचव्या वर्षी बायका पूनमला, तिच्या आईला, गिरणीवर गाठून विचारायला लागल्या, "न्हाय का गो अजून?" पूनम मान खाली घालून दळण उचलायची. सहाव्या वर्षी वारं फिरलं. त्या दसऱ्याला रुजवण वितीच्याही वर दोन बोटं आलं, भातही अमाप पिकलं, आणि देवळाचा मानकरी कोंडाजी भर सभामंडपात म्हणाला, "पोर देवीनं राखलीय." झालं. काल जिला गावातली पोरं गिड्डी म्हणत होती तिला आज त्यांच्या आया वाकून नमस्कार करायला लागल्या. मुंबईकर चाकरमानी आले, म्हसळ्याहून आणि माणगावाहून माणसं आली. मूल होत नाही म्हणून एक बाई तिचे पाय धुऊन गेली. कल्पिताची पावलं जन्मापासून जराशी सुजलेली होती, ती त्या बाईने डोळ्यांना लावली. तेव्हा कल्पिताला हसू आलं होतं, आणि घरी गेल्यावर रडू.

रुजवण वाढायचं त्यात देवीचा हात किती, ते देवी जाणे. कल्पिताचा किती, ते कल्पिता जाणत होती. बाप शेतात रहू पेरायचा ते तिने लहानपणापासून बघितलं होतं. रहू म्हणजे भात रात्रभर भिजवायचं, ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवायचं, दोन दिवसांनी मोड आले की मग पेरायचं. दुसऱ्याच वर्षी तिने घटाच्या भाताचं तसं केलं. पाणदऱ्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ही विद्या येते, पण देवीच्या दारात शेतातली अक्कल चालवायचं कोणाला सुचलं नव्हतं. शिवाय मोजायची ती घटाच्या पोरीची वीत, आणि कल्पिताचा पंजा कायम आठ वर्षांचाच राहिला होता. मोड आलेलं भात आणि एवढीशी वीत, मग देवी प्रसन्न न होऊन करते काय?

फेब्रुवारीत शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. त्यातल्या डॉक्टर बाईंनी तिची उंची मोजली, वय विचारलं, आणि उंची पुन्हा मोजली. "घरी कोणी काही म्हणालं नाही?" त्यांनी विचारलं.

"म्हणाले ना," कल्पिता म्हणाली. "देवी म्हणाले."

तिथून अलिबाग, आणि अलिबागहून रेवसच्या धक्क्यावर लाँचमध्ये बसून मुंबईचा मोठा दवाखाना. तीन खेपा झाल्या. रक्त घेतलं, डाव्या हाताचा एक्स-रे काढला, पोटाची सोनोग्राफी झाली, हृदयही तपासलं. शेवटच्या खेपेला तिथल्या डॉक्टर बाईंनी कागदावर शेजारी शेजारी दोन रेघा काढल्या आणि त्यातली एक खोडली.

"मुलीच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात," त्या म्हणाल्या. "हिच्या पेशीत एकच आहे, जन्मापासून. याला टर्नर सिंड्रोम म्हणतात. हे कोणाच्या चुकीने होत नाही आणि कोणाच्या शापाने तर नाहीच. हिच्या अंडाशयात हार्मोन तयार होत नाही, म्हणून ही मोठी झालेली नाही."

उंचीची इंजेक्शनं लहानपणीच मिळाली असती तर बराच फरक पडला असता, आता फार आशा धरू नका, असंही त्यांनी सांगितलं. पण बाकीचं मोठं होणं अजून हातात होतं. रोज एकाच वेळेला गोळीचा चौथा हिस्सा, दर सहा महिन्यांनी थोडा वाढवायचा. मग दोन-अडीच वर्षांत पाळी. "आणि हे काही नुसतं दिसण्यासाठी नाही. हार्मोन नसेल तर हाडं आतून पोकळ होत जातात. पंचविशीत पाय घसरला तर म्हातारीसारखं हाड मोडेल. ही गोळी तीन-चार वर्षांपूर्वीच सुरू व्हायला हवी होती. आता लांबवू नका."

पूनमने पदर तोंडाशी धरून विचारलं, "लेकरू व्हईल का हिला?"

डॉक्टर बाई खोटं बोलल्या नाहीत. "आपोआप होणं फार कठीण आहे. पण तो विषय हिचा आहे, हिच्या वेळेला हीच काढेल."

बाहेर येऊन पूनम बाकावर बसून रडली. कल्पिता रडली नाही. तिने दोन रेघांचा तो कागद मागून घेतला होता, तो घडी करून कंपासपेटीत ठेवला. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपलंच काहीतरी चुकतंय. रोज अंडं खाल्लं, झाडाला लोंबकळून झालं, दोरीच्या उड्या मारून झाल्या. आता त्या चुकीला नाव मिळालं होतं, आणि ते नाव कल्पिता नव्हतं.

बापाने, हरेश्वरने, गोळ्यांची पट्टी घरी आणली आणि देव्हाऱ्यात ठेवली. पाणदऱ्यात नवी वस्तू आधी देवापुढे ठेवतात. मोबाईल ठेवतात, मोटरसायकलची चावी ठेवतात, मग गोळ्यांनीच काय घोडं मारलं होतं? पट्टीला हळदकुंकू लागलं, वर दोन अक्षता पडल्या. पण चावी संध्याकाळपर्यंत उचलली गेली होती. पट्टी तिथंच राहिली.

"गणपती होऊ दे," हरेश्वर म्हणाला. गणपती झाले. "आता पितृपंधरवड्यात कशाला नवं काय सुरू करायचं?" म्हणाला. पितर जेवून गेले. हरेश्वर काही वाईट माणूस नव्हता. माणगावच्या एका कारखान्याची बस चालवायचा, पोरीसाठी तिन्ही खेपांना रजा टाकून आला होता. पण सात वर्षं गाव त्याला घटाच्या पोरीचा बाप म्हणून ओळखत होतं, पंगतीत पहिलं पान त्याचं पडत होतं, आणि त्या पानाची त्याला सवय झाली होती.

नवरात्राला चार दिवस उरले तेव्हा कोंडाजी नारळ-सुपारी घेऊन आला. सत्तरी ओलांडलेला, ताठ कण्याचा, अंगात पांढरा सदरा. ओटीवर बसला, पाणी प्याला, नारळ पुढे केला. "हरेश्वरा, पोरीला तांब्याचं आवतन हाय."

"व्हय आजा," हरेश्वरने नारळ कपाळाला लावला.

कोंडाजीची नजर देव्हाऱ्यावर गेली. "ह्यो काय परकार?"

"मुंबईच्या डाक्टरनं दिल्यात. पोरगी मोठी व्हायला."

"कशाला?" कोंडाजीला खरोखरच कळलं नव्हतं. "जी देवीनं राखली तिला गोळीनं वाढवून कोनाचं भलं व्हनार? आवंदा ठाण्या-मुंबईची मानसं येनार हायत तिच्या पायावर डोकं ठेवायला."

"हाडं पोकळ व्हतात म्हनं, आजा," पूनम दारातून म्हणाली.

"देवीच्या पोरीची हाडं देवी बघंल."

कल्पिता भिंतीला टेकून अभ्यास करत होती. तिने पुस्तक मिटलं. "आजा, मी घटाला पानी किती वर्सं घालायचं?"

"देवीची मर्जी असंल तवर."

"मंजे म्हातारी होईपर्यंत."

कोंडाजी हसला. त्याच्या तोंडाचं बोळकं झालं होतं, हसला की लहान मुलासारखा दिसायचा. "म्हातारी कशी व्हशील गो बाय? तू व्हनारच न्हायस."

तो हे अगदी कौतुकाने म्हणाला. कोणी तोंडावर शिवी दिली असती तर तिने परत दिली असती, पण या कौतुकाला काय परत करायचं तेच तिला कळेना.

कोंडाजी गेल्यावर तिने बापाला विचारलं, "दसऱ्याला देनार गोळी?"

"बघू. दिवाळी तरी होऊ दे," हरेश्वर म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता नारळ सोलायला बसला.

त्या क्षणी तिला कळलं की दिवाळीनंतर शिमगा आहे, शिमग्यानंतर लावणी आहे, आणि पंचांगातले सण काही संपत नसतात. तिचं मोठं होणं असंच एका सणावरून दुसऱ्या सणावर ढकललं जाणार होतं, तिची हाडं पोकळ होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने देव्हाऱ्यातली पट्टी उचलली, कुंकू पुसलं आणि शेजारच्या सखुबाईकडे गेली. सखुबाई ऐंशी पार केलेली, दाताचा पत्ता नाही तरी सुपारी सुटली नव्हती. सगळं गाव तिच्या अडकित्त्याला भ्यायचं आणि त्याहून जास्त तिच्या जिभेला.

"आजी, हिचे चार तुकडे करून दे."

सखुबाईने गोळी डोळ्यांजवळ धरली. "कसली गो?"

कल्पिताने सगळं सांगितलं. दोन रेघा, हाडं, देव्हारा, कोंडाजी. सखुबाईने ऐकून घेतलं, अडकित्ता पदराला पुसला आणि गोळीचे चार तुकडे केले, एकाचाही चुरा झाला नाही. "सुपारीपरीस मऊ हाय," ती म्हणाली. "पट्टी माझ्या पानाच्या डब्यात ठेव. त्यात हात घालायची कोनाची छाती न्हाय."

कल्पिताला गोळी रोज इथं येऊन गुपचूप घेता आली असती. कोणाला पत्ताही लागला नसता. पण तिने विचार केला, चोरून घेतलेली गोळी चोरूनच बंद पाडता येते. चारचौघांत घेतली तर हिसकावणाऱ्यालाही चारचौघांतच यावं लागेल.

घटस्थापनेच्या सकाळी देऊळ भरून गेलं होतं. कल्पिता हिरवा परकर नेसून आली. काखोटीला ओल्या फडक्याची पुरचुंडी होती, आत मोड आलेलं भात. नेहमीच्या सवयीने तिने ते दोन दिवस आधी आईच्या देखत चुलीच्या उबेला ठेवलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले. तिने परकराच्या खिशातून कागदाची पुडी काढली, गोळीचा तुकडा जिभेवर ठेवला आणि शाळेच्या बाटलीतलं पाणी प्यायली.

"काय खाल्लंस गो?" कोंडाजीने विचारलं.

"गोळी. मोठं व्हायची."

देवळात घंटा वाजवणाराही थांबला. हरेश्वरचा चेहरा पडला. पूनम डोळे मिटून उभी राहिली.

"ही आता घटाला चालनार न्हाय," कोणीतरी मागून म्हणालं. "मग काय, ठाण्याहून आलेली मानसं हात हलवत परत जातील का?" दुसऱ्याने विचारलं. बोलणं वाढायला लागलं तसा कोंडाजीने हात वर केला. माणूस जुना, गाव हाताळायची त्याला सवय होती.

"भांडू नका. देवीलाच इचारू. रुजवनाचाच कौल. दसऱ्याला वीतभर भरलं, तर देवीची गोळीला ना न्हाय. कमी भरलं, तर गोळ्या खाडीत. हरेश्वरा?"

"व्हय आजा," हरेश्वर म्हणाला.

पूनमने डोळे उघडले. तिची नजर लेकीच्या काखेतल्या पुरचुंडीवर गेली, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जीव आला. कौल तर हातातच होता. मोड आलेलं भात, लेकीची एवढीशी वीत. हरायचं म्हटलं तरी हरता आलं नसतं.

कल्पितालाही ते कळलं. तिने पुरचुंडी हातात घेतली. फडकं कोमट होतं. पेरलं की काम झालं, गोळी मिळाली, देवीची मंजुरी मिळाली. आणि पुढल्या वर्षी? पुढल्या वर्षी पुन्हा कौल, पुन्हा वीत, आणि हात तर आणखीच गुणाचा ठरलेला. आपली हाडं या भाताच्या काड्यांना टांगून ठेवायची, आणि तीही आपणच केलेल्या लबाडीच्या जोरावर. तिला त्या पुरचुंडीची एकदम चीड आली.

"कौल तुम्ही लावलाय, आजा. मी न्हाय," ती म्हणाली. "वीतभर भरलं तरी मी गोळी घेनार. न्हाय भरलं तरी घेनार."

मग ती आईपाशी गेली, पुरचुंडी तिच्या हातात दिली, आणि देवळाच्या कोठीतलं कोरडं भात ओंजळीने उचलून घटाभोवती पेरलं. हे काय चाललंय ते पूनमशिवाय कोणालाच कळलं नाही. पूनम पुरचुंडी पोटाशी धरून लेकीकडे बघत राहिली, जणू तिने भर पुरात होडी सोडून दिली होती.

रोज सकाळी आठ वाजता कल्पिता गोळी घ्यायची आणि मग पाणी घालायची. पहिले दोन दिवस लोक घट सोडून गोळीच बघायला जमले. तिसऱ्या दिवसापासून पूनम देवळात यायची थांबली. घरीही ती काही बोलत नव्हती. आईही आपल्यावर रागावली, असं कल्पिताने धरून चाललं, आणि ते तिला सगळ्यात जास्त लागलं. बाप तर समोरून गेला की छपराकडे बघायचा. ऋत्विकने एकदा हळूच विचारलं, "ताई, तू माझ्याहून उंच व्हशील का?" ती म्हणाली, "न्हाय. पन तुला कायम ताईच म्हनावं लागंल." तो बराच वेळ विचार करून बरं म्हणाला.

पाचव्या माळेला घटाभोवती नुसती माती होती. सहाव्या माळेला सुईच्या टोकाएवढे कोंब दिसले. ठाण्याहून आलेली माणसं चुळबुळ करून निघून गेली. ज्या बाया पाया पडायच्या त्या आता आपल्या पोरांना तिच्यापासून लांब ओढायला लागल्या. कल्पिताला भीती वाटत होती. कौल मानत नाही असं म्हणणं सोपं होतं, पण बापाने उद्या सखुबाईचा डबा उलटा केला तर ती काय करणार होती? मुंबई एवढी लांब, आणि ती एवढी लहान. तरी आठ वाजले की तिचा हात पुडीकडे जायचा.

दसरा उजाडला. देऊळ पुन्हा भरलं. कोंडाजीने घटाभोवतीचं कापड बाजूला केलं. "मोज."

कल्पिताने पंजा उभा धरला. मोजायची गरजच नव्हती. कोंब अंगठ्याच्या दुसऱ्या पेरापाशी संपत होते. "चार बोटं," तिने मोठ्याने सांगितलं.

बायकांच्या घोळक्यातून हाय हाय असा आवाज निघाला. कोंडाजीला आनंद झाला नव्हता, हे कल्पिताने बघितलं. तो घाबरला होता. "देवीनं सांगितलं," तो पुटपुटला. मग आवाज चढवून म्हणाला, "हरेश्वरा, ऐकलंस? देवीनं सांगितलं."

हरेश्वर उठला. पोरीपुढे येऊन उभा राहिला, मान तशीच खाली. "कुठं हायत गोळ्या?"

"देनार न्हाय."

"कल्पे."

"बाबा, मी देनार न्हाय. तुम्ही मला खाडीत टाका, गोळ्या टाकू नका."

हरेश्वरचा हात वर गेला, तो तिच्यावर उगारण्यासाठी की स्वतःचं तोंड झाकण्यासाठी, हे त्यालाही माहीत नसावं. तेवढ्यात दाराशी गलका झाला, आणि डोक्यावर घमेलं घेतलेली पूनम आत आली. माणसं आपोआप बाजूला झाली. तिने घमेलं घटाच्या शेजारी उतरवलं. आत रुजवण होतं, दाट, पिवळसर, पार एकमेकांवर माना टाकून वाढलेलं.

"हे कुठलं?" कोंडाजीने विचारलं.

"पोरीच्या हातातलं. पहिल्या दिवशी तिनं माझ्याकडं दिलं तेच भात. त्याच दुपारी पेरलं, पडवीत पाटीखाली झाकून ठेवलं." पूनम लेकीकडे वळली. "मोज गो."

कल्पिताने हात लावला. वीत भरली, आणि वर तीन बोटं उरली.

"पानी कोनी घातलं?"

"मी."

"तू? दोन पोरांची आय तू."

"व्हय. आनि तिसऱ्या माळेला मला पाळी आली, आजा. म्हनून देवळात आले न्हाय. पन पानी घातलं. चारी दिवस, ह्याच हातानं." तिने हात पुढे केले. ओलसर मातीने नखं काळी झाली होती. "त्याला काय बी झालं न्हाय. बघा की."

आता आभाळ कोसळणार असं वाटत असतानाच कोपऱ्यात सखुबाई खुदकन हसली. "मी बी घातलं व्हतं," ती म्हणाली. "मी घटाची पोर व्हते तवा. पाचव्या माळेला आली. आयला भ्याले, कोनाला सांगितलंच न्हाय. मोजताना तुझा बाप उभा व्हता, कोंडाजी. म्हनला, असं रुजवन कधी बघितलं न्हाय."

कोणीतरी हसलं, मग दोन-चार जणी तोंडाला पदर लावून. एक शेतकरी घमेल्यात वाकून एक काडी उपटून बघत होता. "रहूच की हो ह्यो," तो म्हणाला. "मोड काढून पेरलंय."

"व्हय," कल्पिता म्हणाली. "गेली सहा वर्सं तसंच पेरत व्हते. आवंदा देवळात कोरडं पेरलं."

कोंडाजी तिच्याकडे बघत राहिला. सहा वर्षांचे दसरे त्याच्या डोळ्यांसमोरून जात असावेत. "देवीच्या दारात लबाडी केलीस?"

"केली. पाया पडते देवीच्या, तिची माफी मागते. पन तुमची न्हाय मागनार." ती आता थांबणार नव्हती. "आजा, दाना येळेवर भिजवला न्हाय तर उशिरा उगवतो. त्यात देवीची मर्जी नसते. भिजवनारा चुकलेला असतो. मला बी कोनी येळेवर भिजवलं न्हाय. आनि तुम्ही म्हनता, देवीनं राखली."

घड्याळात आठ वाजून गेले होते. कल्पिताने खिशातून पुडी काढली, तुकडा जिभेवर ठेवला आणि बाटली शोधायला लागली. गडबडीत ती घरीच राहिली होती. तिने इकडेतिकडे बघितलं. हरेश्वर अजून तिथंच उभा होता. त्याने घटापाशी ठेवलेला मानाचा तांब्या उचलला आणि तिच्या पुढे धरला.

"घे," तो म्हणाला. "कडू लागत असंल."

ती तांब्यानेच पाणी प्यायली. घटाचा तांब्या उष्टा झाला, आणि ते सगळ्या गावाने बघितलं.

कोंडाजी पायरीवर जाऊन बसला. म्हातारा एकाएकी फार दमलेला दिसत होता. बायका घमेल्याभोवती घुटमळत होत्या. दसऱ्याला केसांत रुजवण माळायचं तर ते वीतभर नको का? पहिलं सखुबाईने उपटून अंबाड्यात खोवलं. मग एकेक हात पुढे आला.

"कल्पे," कोंडाजीने पायरीवरूनच हाक मारली. तो तिच्याकडे बघत नव्हता. "पुढल्या वर्सी तांब्या कोन धरनार?"

सखुबाईची पणती अमिषा, सात वर्षांची, घमेल्यात हात घालून बसली होती. कल्पिताने तांब्या घासून आणला आणि तिच्या पुढ्यात ठेवला.

"ही धरंल," ती म्हणाली. "पन दोनच वर्सं, आजा. आनि तिची उंची दर शिमग्याला मी मोजनार."